मिंटची फाईल उतरवली पण चेकसम जुळत नाही, तसंच घालू का?

खानापूर_मास्तर:
नमस्कार मंडळी. शाळेतल्या ९ जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टीम) घालायचंय, विंडोज त्यावर आता हलतच नाही. आमच्या गावात पावसाळ्यात लाईट आणि नेट दोन्हीचा भरवसा नाही म्हणून भाच्यानं बेळगावात टिळकवाडीला बसून आयएसओ (मिंट घालायची फाईल) उतरवली आणि पेनड्राइव्हवर दिली. साइटवर चेकसम (फाईलवरून काढलेला ताडणीचा आकडा, म्हणजेच हॅश) तपासा म्हणून लिहिलंय, मी विंडोजमध्ये सर्टयुटिल हॅशफाईल ही कमांड चालवली तर आकडा जुळतच नाही आणि लांबीला पण कमी वाटतोय. तसंच घालू का? मुलांची मशीन आहेत, धाकधूक वाटायलीय.

निपाणीकर_८६:
सर अजिबात घालू नका. आधी अक्षरं मोजा, ४० आहेत का? सर्टयुटिलला कुठला हॅश पाहिजे ते सांगितलं नाही तर ते शा-१ प्रकारचा हॅश काढून देतं, तो ४० अक्षरांचा. साइटवरचा शा-२५६, ६४ अक्षरांचा, मग जुळणार कसं. कमांडच्या शेवटी फाईलच्या नावापुढं शा२५६ लिहा आणि परत बघा.

खानापूर_मास्तर:
व्हय, ४०च होती! आता ६४ आली पण तरी जुळत नाही. भाचा म्हणतो मधे नेट गेलेलं, आणि फाईलचा साइज पण साइटवरच्यापेक्षा कमी दिसायलाय.

शहापूर_टर्मिनल:
मग फाईल अर्धवट आहे, काढून टाका. टोरेंटनं (तुकड्यातुकड्यांनी फाईल उतरवायची पद्धत) उतरवा, ते प्रत्येक तुकड्याचा हॅश स्वतःच तपासतं आणि लाईट गेली तरी राहिलेलंच पुढं उतरवतं.

पण सर चेकसम जुळला तरी तिथं थांबू नका, हे मला कळकळीनं सांगायचंय. त्यानं फाईल धड पोचली एवढंच कळतं, कुणी बनवली ते नाही. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्याच साइटमध्ये घुसून १७.३ सिनॅमन या आवृत्तीची लिंक बॅकडोअर (लपवलेली चोरवाट) घातलेल्या आयएसओकडं वळवली होती. साइटच ज्याच्या हातात गेली तो शेजारचा चेकसम पण बदलू शकतो की. जमिनीच्या उताऱ्यावर नुसता आकडा बघून आपण पैसे देतो का, सही शिक्का कुणाचा ते बघतोच. इथं पण चेकसमच्या टेक्स्ट फाईलीसोबत तिची जीपीजी सहीची (डिजिटल सही) फाईल असते, दोन्ही घ्या, विंडोजवर जीपीजीफॉरविन हा प्रोग्रॅम टाका, मिंटची की (सही तपासायची किल्ली) आणून व्हेरिफाय करा. 'गुड सिग्नेचर' आलं पाहिजे. खाली की सर्टिफाईड नाही अशी वॉर्निंग येईल, तिला घाबरू नका, पण म्हणून त्या कीच्या फिंगरप्रिंटची (ओळखखुणेची) ४० अक्षरं पडताळायची सोडू नका, आणि ती साइट सोडून दुसऱ्या ठिकाणाहून मिळवून ताडा, कुणाकडं आधीपासून मिंट असेल तर उत्तम.

निपाणीकर_८६:
यात एक भर घालतो. सही म्हणजे वाटेत कुणी बदललं नाही एवढीच खात्री. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाईली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांमध्ये बॅकडोअर सापडलं, ते घालणारा त्या प्रोजेक्टचाच मेंटेनर (तो सांभाळणारा) होता. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच (दुरून दुसऱ्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि त्यांनी मुळापर्यंत शोधलं म्हणून कळलं. त्यामुळं सर, घातल्यावर अपडेट चालू ठेवा, ते बंद करू नका.

खानापूर_मास्तर:
टोरेंटनं परत उतरवली. ६४ च्या ६४ जुळली, गुड सिग्नेचर पण आलं, फिंगरप्रिंट एका जुन्या विद्यार्थ्याच्या मिंटवरून फोनवर वाचून घेतलं. सगळ्यांचे मनापासून आभार. पहिल्या मशीनवर घातलंय, प्रिंटर धरेना, त्याचं वेगळं विचारतो.