दाढीच्या जागी चामखिळींची रांग, आणि आई म्हणते चुना-सोडा लाव

कराडचा कॅमेरावाला

लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढतो. वय ३४. पावसाळ्याच्या सुरुवातीला हनुवटीच्या डाव्या अंगाला तांदळाच्या कणीएवढा, कातडीच्याच रंगाचा एक चपटा उंचवटा आला. पुळी असेल म्हणून सोडून दिलं. आता जबड्याच्या कडेनं तसलेच बरेच झालेत, आणि गंमत म्हणजे काही ठिकाणी सरळ रेषेत आलेत. दुखत नाहीत, खाजत नाहीत. फक्त दाढी करताना एखादा सोलला जातो आणि रक्त येतं.

तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू. नवरीच्या तोंडासमोर कॅमेरा धरायचा म्हणजे आपलंही तोंड तिच्यासमोर असतंच, म्हणून घाई आहे.

आई म्हणते, खायचा चुना आणि धुण्याचा सोडा कालव, काडीनं एकेक थेंब ठेव, जळून पडतील. शेजारचे काका घोड्याच्या शेपटीचा केस बांधायला सांगतात. पण बांधायचा कशाला? याला देठच नाही. मेडिकलवाल्यानं सॅलिसिलिक अ‍ॅसिडची छोटी बाटली दिली, तर आतल्या कागदावर ‘चेहऱ्यावर लावू नये’ असं छापलंय. ती तशीच पडून आहे.

आणखी एक. मुलगी सहा वर्षांची. तिच्या टाचेला एक टणक गोल झालंय. बायको म्हणते कुरूप आहे. मला शंका येते की माझंच तिला लागलं. काय करावं?

माळावरचा

चुना-सोड्यानं माझी कोपराजवळची गेली. दोन-तीनदा लावलं, खपली धरली, पडली. पांढरा डाग राहिलाय पण चामखीळ परत आली नाही. तोंडावर जरा बेतानं लावा. डॉक्टरकडे उगाच पैसे जातात.

ओपीडीतली ताई

कॅमेरावाले दादा, थांबा. चुना आणि धुण्याचा सोडा पाण्यात एकत्र आले की कॉस्टिक सोडा तयार होतो. साबण करायला वापरतात तोच. तो चामखीळ ओळखत नाही, समोर येईल ती कातडी जाळतो, आणि किती खोल जायचं ते तोच ठरवतो. माळावरच्या दादांचा डाग कोपरावर आहे म्हणून शर्टाच्या बाहीखाली झाकला. बिब्बा कुणी सुचवला तर त्यालाही नकार द्या. बिब्ब्यानं तोंड सुजून, फोड येऊन आलेली माणसं आमच्याकडे येतात, आणि त्या वेळी मूळ चामखीळ कुठे होती तेही सापडत नाही.

मी महापालिकेच्या दवाखान्यात त्वचेच्या ओपीडीत सिस्टर आहे. न बघता रोगाचं नाव डॉक्टरनंही सांगू नये, मी तर नाहीच. पण तुम्ही जे लिहिलंय ते चपट्या चामखिळींचं वर्णन आहे, आणि ती सरळ रेष म्हणजे तुमच्या रेझरचा रस्ता आहे. हा विषाणूचा आजार. एचपीव्ही म्हणतात तो विषाणू, त्याचे शंभरावर प्रकार आहेत. त्याला आत शिरायला डोळ्यांना न दिसणारा ओरखडा पुरतो. तुम्ही पातं फिरवता तेव्हा एकीचं टोक सोलता आणि पुढच्या दोन इंचांवर पेरणी करता. त्यामुळे पहिलं औषध फुकटचं आहे: दाढी वाढवा. नवरीला कॅमेरामनच्या दाढीचं काही पडलेलं नसतं. अगदीच वाटलं तर ट्रिमरला कंगवा लावून, कातडीला न टेकवता कापा. ट्रिमर तुमचा एकट्याचा.

चेहऱ्यासाठी डॉक्टर बहुतेक वेळा रात्री लावायचं रेटिनॉइडचं, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वापासून केलेलं, क्रीम देतात. सुरुवातीला लाली येते, साल सुटते, ऊन सोसत नाही. दिवसा बाहेर शूटिंग असेल तर सनस्क्रीन हवंच. फरक दिसायला आठवडे नाही, महिने लागतात. म्हणजे या सीझनला त्या असणार आहेत, हे आत्ताच मान्य करा. ‘एका दिवसात जाळून मोकळं करा’ म्हणून हट्ट धरणारे रोज येतात. हातावरची जाड चामखीळ कॉटरीनं, म्हणजे विजेच्या तापत्या टोकानं, जाळतात, ते ठीक. पण चेहऱ्यावर इतक्या चपट्या जाळल्या तर प्रत्येकीच्या जागी काळा नाहीतर पांढरा ठिपका राहू शकतो. द्रव नायट्रोजनचंही तेच. उणे १९६ अंशांची ती वस्तू आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीचा रंग सहज उडवते.

आणि एक दिवस सगळ्या एकदम लाल होऊन, सुजून खाजायला लागल्या तर घाबरून काही चोपडू नका. शरीरानं त्यांना ओळखल्याची ती खूण असू शकते. पुष्कळदा त्यानंतर त्या मावळतात.

आता लेक. तिचं पाऊल कोमट पाण्यात भिजवा, वरचं टणक कातडं हलकेच घासा आणि उजेडात बघा. बारीक काळे ठिपके दिसले, टाचेवरच्या रेघा त्या गोलाच्या कडेला तुटल्यासारख्या वाटल्या, आणि दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर ती कळवळली, तर ती चामखीळ. कुरूप वरून सरळ दाबलं की दुखतं. काळे ठिपके म्हणजे गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या, मुळं नव्हेत. चामखिळीला मूळ नसतंच, ती कातडीच्या वरच्या थरातच असते, म्हणून ब्लेडनं ‘मुळासकट’ कोरायला जाऊ नका. सहा वर्षांच्या पोराला कुरूप सहसा होत नाही.

दुखत नसेल तर तिला सोडून दिलं तरी चालतं. लहान मुलांत निम्म्या चामखिळी वर्षभरात आणि दोन तृतीयांश दोन वर्षांत आपोआप जातात. चालताना दुखत असेल तर तुमची ती पडून असलेली बाटली इथं कामाची आहे, लावण्याआधी डॉक्टरला पाऊल तेवढं दाखवा. रोज रात्री पाय भिजवायचा, घासायचा, भोवती व्हॅसलीनचं कडं करायचं, थेंब फक्त मधे, आणि वाळू द्यायचं. हे बारा आठवड्यांपर्यंत. लोक दहाव्या दिवशी कंटाळतात आणि औषधाला नावं ठेवतात. घासायचा दगड तिचा वेगळा. दुकानात मिळणारी कॉर्न कॅप, म्हणजे कुरुपावर चिकटवायची पट्टी, त्याच अ‍ॅसिडची पण ४० टक्क्यांची असते, ती लहान मुलीला मनानं लावू नका. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांच्या पायाला यातलं काहीच नको.

तुमचं तिला लागलं का? चेहऱ्यावरच्या चपट्या आणि तळपायाच्या चामखिळींमागचे प्रकार बहुधा वेगळे असतात. शिवाय विषाणू शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही महिने जातात. शाळेतली, बाथरूममधली ओली फरशी जास्त संशयित. तिला ओल्या जागी चप्पल घाला, टॉवेल वेगळा ठेवा, ती नखं कुरतडत असेल तर ते मोडा.

सलूनवाला

ताई पात्याचं बोलल्या, मी तुरटीचं बोलतो. वस्तऱ्यात नवं अर्धं पातं आता जवळपास सगळेच लावतात, गिऱ्हाईक बघत असतं ना. पण दाढी झाल्यावर तोच तुरटीचा खडा दिवसभर सगळ्यांच्या गालावर फिरतो, आणि कापलेल्या जागी तर मुद्दाम दाबून. मी खडा बंद केला, तुरटीची पावडर कापसावर घेऊन देतो आणि कापूस फेकतो. काही जुनी गिऱ्हाइकं रुसली, त्यांना खड्याचा गारवा लागतो. त्यांना म्हटलं, घरून आपापला खडा आणा.

दादा, दाढी कोरून घ्यायची असेल तर सलूनवाल्याला आधी सांगा. लपवलंत तर तुमच्यानंतरच्या खुर्चीतल्याला जातं. ताई, स्पिरिटनं पुसलं की मरतो का हा?

ओपीडीतली ताई

स्पिरिटवर विसंबू नका. या विषाणूला वरचं स्निग्ध आवरण नसतं, म्हणून सॅनिटायझर-स्पिरिटला तो फारसा दाद देत नाही आणि कोरड्या जागीही टिकून राहतो. पातं फेकणं आणि तुमचा तो कापूस, हेच खरं.

कराडचा कॅमेरावाला

दाढी वाढवायला घेतली. मुलीच्या टाचेला काळे ठिपके आहेत, चिमटीत दाबल्यावर ओरडली. आईला कॉस्टिकचं सांगितलं तर म्हणाली, मग तुझे आजोबा काय साबण होते काय, त्यांना काही झालं नाही.

दोन प्रश्न. पुण्यात भाचीला एचपीव्हीची लस दिली, ती मी घेतली तर हे जाईल का? आणि एक मित्र म्हणतो, गोवराची लस चामखिळीतच टोचतात. थापा मारतोय ना?

ओपीडीतली ताई

थापा नाहीत. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस सगळ्यात मोठ्या चामखिळीत थोडी टोचतात, दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. शरीर लशीवर धावून येतं आणि तिथं चामखिळीचा विषाणूही त्याच्या नजरेस पडतो. जमलं तर न टोचलेल्या, लांबच्या चामखिळीही जातात. हाता-पायावर पुष्कळ आणि चिवट असतील तर डॉक्टर हा विचार करतात. गरोदर बाईला किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला नाही देत. तुम्ही क्रीमनं सुरुवात करा.

एचपीव्हीच्या लशीचं काम वेगळं. पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांवर आहे, म्हणजे गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि जननेंद्रियावरच्या चामखिळी. तुमच्या गालावरच्या त्यात नाहीत. पण लेक नऊ वर्षांची झाली की तिला जरूर द्या. नऊ ते चौदा वयात दोन डोस पुरतात.

एखादी झपाट्यानं वाढली, धक्का न लागता रक्त आलं, रंग बदलला, तर वाट बघत बसू नका. सिव्हिलमध्ये नाहीतर मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात दाखवा, तिथं फारसे पैसे लागत नाहीत.

माळावरचा

ताई, माझ्या मानेवर मऊ, लोंबणाऱ्या आहेत. त्याही दाढीनं पसरतील का?

ओपीडीतली ताई

मऊ आणि देठाच्या असतील तर त्या बहुधा विषाणूच्या नसतात आणि पसरतही नाहीत. कॉलर, साखळी घासून, वजन वाढून होतात. डॉक्टर मिनिटभरात कापून देतात. मानेची कातडीही काळी आणि जाडसर झाली असेल तर आधी उपाशीपोटीची साखर तपासून घ्या.