ऊनोवर उसाचं वजन उणे का दाखवायलंय?

प्रश्न (चिकोडी): अर्डुइनो ऊनोवर (छोटा प्रोग्राम चालवणारा बोर्ड) वजनकाट्याची बेरीज करायलोय. एक ट्रॉली १८,००० किलो, दुसरी २२,०००. उत्तर -२५,५३६! लॅपटॉपवर त्याच सी कोडला ४०,००० येतंय. वायरिंग गंडलंय काय?

निपाणी: वायरिंगला हात लावू नका. आर३पर्यंतच्या ऊनोवर ‘इंट’ (पूर्णांक ठेवायचा प्रकार) १६ बिटांचा, म्हणजे -३२,७६८ ते ३२,७६७. ४०,००० त्यात मावत नाही. ६५,५३६ वजा होऊन उरलं ते दिसलं. लॅपटॉपवर ‘इंट’ ३२ बिटांचा असतो. सी भाषा किमान १६ बिटांचीच हमी देते, म्हणून ‘इंट३२_टी’ (नेमका ३२ बिटांचा पूर्णांक) लिहा. आणि हो, साइन्ड ओव्हरफ्लोला (उणे-अधिक आकडा मर्यादेबाहेर गेला तर) हेच उत्तर येईल असंही भाषेनं ठरवलेलं नाही. कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) बदलला की वेगळं काही दिसू शकतं.

चिकोडी: बेरजेचा व्हेरिएबल बदलला. तरी उणेच की हो!

निपाणी: ट्रॉलीचे दोन्ही व्हेरिएबल अजून ‘इंट’ असणार. बेरीज आधी १६ बिटांत होते, बिघडलेला आकडा मग मोठ्या डब्यात पडतो. बेरजेआधी निदान एकाला ‘इंट३२_टी’मध्ये कास्ट करा, म्हणजे त्या प्रकारात बदला. ८०० पोती गुणिले ५० किलो, तिथंही हेच. ५० ला शेवटी ‘एल’ जोडा, म्हणजे तो ३२ बिटांचा ‘लाँग’ होतो.

खानापूर: ‘अनसाइन्ड इंट’ची (उणे आकडे नसलेल्या ‘इंट’ची) पळवाट नको. ६५,५३५ पर्यंत जातो खरा, पण तिसऱ्या जड ट्रॉलीला संपतो. शिवाय रिकामा काटा -५ दाखवायला लागला की तुम्हाला ६५,५३१ किलो ऊस दिसेल.