मदत हवी आहे: अल्फा ०.४६ येतोय, गाईड म्हणतात सॅम्पल वाढवा

कपाशी_झरी
पीएचडीसाठी पालकांची वृत्ती मोजायची प्रश्नावली केलीय, तिचा पायलट (छोटी चाचणी) झाला. क्रॉनबॅक अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.४६. गाईड म्हणतात सॅम्पल वाढवा, आपोआप वर जाईल. पुढच्या आठवड्यात आरएसी (संशोधन सल्लागार समितीची बैठक) आहे. सॅम्पल किती घ्यायचं त्या यमानेच्या सूत्राने ३२९ येतात, तेवढे केले तर ०.७० गाठेल का? "आधी पुस्तक वाचा" असं कृपया कोणी सांगू नका. सोयाबीन आटोपत आलंय, एकदा कापूस वेचणी लागली की दिवसा घरी कोणी सापडत नाही.

आकडेमोड
नाही गाठणार. सॅम्पल वाढल्याने अल्फाचा अंदाज जास्त पक्का होतो, अल्फा मोठा होत नाही. खरा अल्फा ०.४६ च्या आसपास असेल तर ३२९ जणांतही तेवढाच येईल, फक्त खात्रीने येईल.
आता हे सांगा: विधानं किती? उत्तरं किती टप्प्यांची? उलट अर्थाची विधानं किती, आणि त्यांचे गुण फिरवले का (५ चा १, १ चा ५)? पायलटला माणसं किती? फॉर्म त्यांनी स्वतः भरला की तुम्ही वाचून दाखवला?

पुसदचा_पाहुणा
यमाने कोण वापरतं आता? क्रेजी आणि मॉर्गनचा १९७० चा तक्ता लावा. व्हायवाला तोच विचारतात.

कपाशी_झरी
विषय पूर्ण लिहायचा राहिला. मुलींची आठवीनंतरची गळती आणि पालकांची वृत्ती, तालुका झरी-जामणी. पालक १८६०. विधानं २४, पाच टप्पे, त्यातली ९ उलट अर्थाची. गुण फिरवलेत, दोनदा तपासले. पायलट ४० पालकांचा, २० शाळांमधून घेतला. सॅम्पलचं सूत्र ठरवून द्या ना कोणी.

आकडेमोड
१८६० ला यमाने ३२९ देतं, क्रेजी-मॉर्गन ३१९. दहा माणसांसाठी काय भांडायचं. खरी गोची वेगळीच आहे. ही दोन्ही सूत्रं साध्या यादृच्छिक निवडीची आहेत, म्हणजे १८६० नावांच्या यादीतून चिठ्ठ्या काढल्यासारखी. तुम्ही शाळा निवडून प्रत्येकीतून १५-१६ पालक घेणार असाल तर तो गुच्छ नमुना झाला. एका शाळेचे पालक एकमेकांसारखे असतात, त्यामुळे प्रत्येक जादा पालकामागे नवी माहिती कमी मिळते. किंमत किती पट घटते तो डिझाइन इफेक्ट = १ + (शाळेतले पालक − १) × आंतरगट सहसंबंध, म्हणजे एका शाळेचे पालक एकमेकांसारखे किती. १५ पालक आणि सहसंबंध ०.१ धरला तर १ + १४ × ०.१ = २.४. म्हणजे ३०० पालकांची किंमत १२५ इतकीच. शाळा वाढवा, दर शाळेचे पालक कमी करा. ४० शाळा आणि प्रत्येकी ८ घेतले तर इफेक्ट १.७ वर येतो, ३२० ची किंमत १८८ होते.
पण हे नंतरचं. फॉर्म कोणी भरला ते अजून सांगितलं नाही.

पुसदचा_पाहुणा
डिझाइन इफेक्ट वगैरे आरएसीत कोणी विचारत नाही. साधं ठेवा.

आकडेमोड
आरएसीत नाही विचारणार, पण शोधनिबंध परत आला की पहिली टीप हीच असते.

मोहफूल
ताई, वृत्ती-फित्ती मागून पाहा. आठवीनंतर हायस्कूल किती किलोमीटर हाय, बस किती वाजता येते, हे विचारलं काय? पास फुकट हाय पण बसच नाही, तं पास काय चाटाचा? बाप पोरीले सांजच्या बसनं एकटी येऊ देत नाही. वृत्ती मोजून काय भेटते?

गटसाधन
मोहफूल यांचं म्हणणं रास्त आहे, विषयाला धरूनही आहे. आरटीई (शिक्षण हक्क कायदा) २००९ चा हक्क ६ ते १४ वर्षांचा, तो संपतो नेमका तिथेच, आणि गावची जिल्हा परिषद शाळा बहुतेक सातवी-आठवीच्या पुढे जात नाही. अंतर हा वेगळा चल (स्वतंत्रपणे मोजायचा घटक) म्हणून घ्या, मापनीत (वृत्तीच्या विधानांच्या संचात) घुसवू नका. अंतर नकाशावरून काढू नका, शाळेपर्यंतच्या रस्त्याचं घ्या. पावसाळ्यात नाला चढला की रस्ता बंद होतो, त्याची वेगळी हो/नाही नोंद करा.
गळती कशी मोजता? हजेरीपटावरून मोजली तर दुसऱ्या गावच्या शाळेत गेलेल्या मुलीही गळतीत धरल्या जातात. जनरल रजिस्टर आणि शाळा सोडल्याचा दाखला दोन्ही पाहा. यूडायस प्लसच्या (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीच्या) ड्रॉप बॉक्समध्ये पुढच्या वर्गात न दिसलेली नावं असतात, पण ती सगळीच गळालेली नसतात. दाखला कुठे गेला ते पाहिल्याशिवाय "गळती" लिहू नका. यूडायस कोड ११ अंकी असतो. एक्सेलमध्ये तो रकाना आधीच मजकूर प्रकाराचा करा, नाहीतर रुंदी कमी पडली की २.७ई+१० असलं काहीतरी दिसायला लागतं.

कपाशी_झरी
गळती नंतर बघू हो, सध्या अल्फा! फॉर्म मी आणि दोन बीएडच्या मुलींनी वाचून भरून घेतले. बरेच पालक कोलाम आदिवासी आहेत, पोडावर (कोलामांच्या वस्तीवर) राहतात. विधानं मराठीत वाचली. कोडिंग असं: पूर्ण सहमत ५, सहमत ४, सांगता येत नाही ३, असहमत २, पूर्ण असहमत १, लागू नाही ०.

शोधगंगा_तीर
प्रबंध कृतिदेवमध्ये टाइप करताय की युनिकोडमध्ये? साहित्यचौर्य तपासणीचं सॉफ्टवेअर कृतिदेव वाचतच नाही, त्याला ती रोमन अक्षरांची भेळ दिसते. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत सुधारून पुन्हा द्यावं लागतं. आतापासूनच युनिकोड धरा.

कपाशी_झरी
मी हे विचारलंच नव्हतं.

आकडेमोड
आता सापडलं. दोन रोग आहेत.
पहिला, "लागू नाही" ला ०. ते उत्तर नाही, पण एसपीएसएस (आकडेवारीचं सॉफ्टवेअर) त्याला "पूर्ण असहमत" च्याही खालचं मत समजतं. याने अल्फा घटतोच असं नाही. ज्यांची मुलगी अजून आठवीला पोचली नाही त्यांना दहा विधानांवर शून्य पडलं तर ती दहा विधानं एकमेकांशी जुळतात आणि अल्फा खोटाच फुगतो. ० हा आकडा मिसिंग म्हणून घोषित करा. एसपीएसएसमध्ये व्हेरिएबल व्ह्यूमध्ये मिसिंगचा रकाना असतो. जामोवीत (तसंच सॉफ्टवेअर, फुकट आहे) त्या पेशी रिकाम्या ठेवा. मग किती फॉर्म उरले ते पाहा, कारण अल्फा फक्त पूर्ण भरलेले फॉर्म धरतो.
दुसरा रोग मोठा. वाचून दाखवलं की, विशेषतः भाषा परकी असली तर, माणूस "हो जी" म्हणतो. सरळ विधानाला हो, उलट विधानालाही हो. तुम्ही उलट्याचे गुण फिरवता, त्यामुळे त्याच माणसाला एकीकडे ५ आणि दुसरीकडे १ पडतो. तपासायला सोपं आहे: १५ सरळ विधानांचा आणि ९ उलट विधानांचा अल्फा वेगवेगळा काढा. दोन्ही एकत्र अल्फापेक्षा बरेच वर आले तर हाच रोग.
आणखी एक. २४ विधानांचा ०.४६ म्हणजे सरासरी आंतरसहसंबंध (दोन-दोन विधानं एकमेकांशी किती जुळतात) फक्त ०.०३४. इतक्या विधानांवर ०.४६ येणं फारच वाईट, कारण विधानं वाढली की अल्फा आपोआप चढतो. सरासरी ०.३० असेल तर नुसती ६ विधानंही ०.७२ देतात. चोवीस कशाला हवीत?

पुसदचा_पाहुणा
मग फॅक्टर ॲनालिसिस (जुळणाऱ्या विधानांचे गट पाडणारं गणित) करून टाका, कोणती विधानं ठेवायची ते तोच सांगेल.

आकडेमोड
४० माणसांवर २४ विधानांचं? विधानामागे निदान ५ माणसं, शक्यतो १०. ४० वर निघालेले घटक पुढच्या ४० मध्ये बदलतात.

कपाशी_झरी
शून्यं काढली, ४० पैकी ३७ फॉर्म पूर्ण राहिले. सरळ १५: ०.६८. उलट ९: ०.६१. एकत्र तेच ०.४६. आता काय? पोडावर परत जाऊ?

आकडेमोड
जा, पण आधी मापनी पाडून नव्याने बांधा. "वृत्ती" ही एक गोष्ट नाही. तुमची विधानं बहुधा तीन-चार ढिगांत पडतात: शिक्षणाचा उपयोग, लग्नाचं वय, सुरक्षितता व अंतर, घरकाम. प्रत्येक ढिगाची वेगळी उपमापनी करा, प्रत्येकी ५-६ विधानं. करेक्टेड आयटम-टोटल कोरिलेशन (एक विधान बाकीच्यांच्या बेरजेशी किती जुळतं) ०.३० च्या खाली असलेली विधानं आधी वाचून बघा, डोळे झाकून कापू नका. "नाही" दोनदा आलेली, किंवा "शिकवलं पाहिजे पण…" अशी दोन प्रश्न एकात कोंबलेली विधानं तिथेच सापडतील.
तोंडी विचारताना पाच टप्पे एकदम वाचू नका. आधी "पटतं की नाही पटत?" आणि उत्तरानंतर "पूर्ण की थोडं?" असं दोन पायऱ्यांत विचारा. माणूस विचार करून बोलतो.

गटसाधन
कोलामी जाणणाऱ्या माणसाकडून भाषांतर करून घ्या. मग दुसऱ्या माणसाकडून, ज्याने मूळ मराठी वाचलेलं नाही, उलट मराठीत आणवा. जिथे दोन्ही मराठी जुळत नाहीत ते विधान बदला. हा उलटा फेरा टाळला की पोडावर वाचणारा आपापल्या मनाने समजावतो आणि तिन्ही वाचणाऱ्यांचं तीन प्रकारे होतं. प्रत्येक फॉर्मवर वाचणाऱ्याचा क्रमांक टाका, नंतर सरासऱ्या ताडून पाहता येतात.
आश्रमशाळा यादीत असेल तर पांढरकवड्याच्या प्रकल्प अधिकाऱ्यांची परवानगी लागेल, शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र तिथे पुरत नाही. मुलींशीही बोलणार असाल तर पालकांची संमती आणि मुलीची स्वतःची तयारी, दोन्ही नोंदवा.

मोहफूल
अन् पोडावर सकाळी आठच्या आधी नाहीतं दिवे लागल्यावर जा. दुपारी म्हातारे अन् कुत्रेच भेटतात. मोहफुलाच्या टायमाले तं सकाळीही कोणी नाही भेटत, सारे रानात.

कपाशी_झरी
ढीग पाडले. जुन्या डेटावर सुरक्षितता-अंतराचा अल्फा ०.७१, उपयोगाचा ०.६९. लग्नाच्या वयाचा ०.५३ वर अडकला, त्यात तीनच विधानं आहेत. ती टाकून देऊ का? गाईडना काय सांगू?

आकडेमोड
टाकू नका. तीन विधानांवर ०.५३ म्हणजे सरासरी आंतरसहसंबंध ०.२७, हे काही वाईट नाही. त्याच जातीची आणखी तीन घातली तर सहा विधानांवर साधारण ०.६९ येईल. गाईडना हाच हिशोब एका कागदावर द्या: विधानं ३ वरून ६, सरासरी तीच, अल्फा ०.५३ वरून ०.६९. नवा पायलट मात्र वेगळ्या पोडांवर घ्या. ज्यांना एकदा विचारलंय त्यांना परत विचारलं तर ते आधीचं उत्तर आठवून देतात. शिवाय जुन्याच डेटावर विधानं निवडून त्याच डेटाचा अल्फा छापला तर तो नेहमी जरा गोड दिसतो.

कपाशी_झरी
लग्नाच्या वयाची तीन नवी विधानं आज रात्री इथे टाकते, गटसाधन यांनी भाषा बघावी. मोहफूल, तुम्ही बसच्या वेळा कुठल्या फाट्यावरच्या सांगता?

मोहफूल
मुकुटबन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वेळापत्रकाचा फोटो देतो.