पाणी साचणाऱ्या जागेत पानगळीचा सूचिपर्णी: बाल्ड सायप्रस की डॉन रेडवुड?

प्रश्न
तळ्याकाठी सखल पट्टा आहे. वर्षातून दोन-अडीच महिने तिथे वीतभर पाणी उभं असतं. माती भारी, चिकण; सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कता) 7.8. चार मीटरवर फरसबंद पायवाट आहे. दोन्हींपैकी कोणतं झाड लावावं, आणि कसं?

उत्तर 1
बाल्ड सायप्रस. डॉन रेडवुडला ओल आवडते, पण इतका काळ मुळं पाण्याखाली राहणं त्याला मानवत नाही. रोप घेताना पानं नीट बघा, कारण दोन्ही सहज एकमेकांत मिसळतात: डॉन रेडवुडची पानं समोरासमोर, बाल्ड सायप्रसची एकाआड एक.

पाणी ओसरल्यावर लावा. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट ते तिप्पट रुंद, पण खोली गड्ड्याइतकीच. बुंधा जिथे रुंदावतो तो भाग जमिनीच्या वर दिसलाच पाहिजे. पाणथळ जागेचं झाड म्हणून अनेकजण ते खोल गाडतात, तिथेच चुकतं. रोप दीड मीटरपेक्षा उंच घ्या. शेंड्यासकट बुडालेलं रोप फार काळ तग धरत नाही. बी टाकून उगवायचं म्हणाल, तर ते पाण्याखाली रुजत नाही. आणि पाणथळातलं झाड असलं तरी पहिली दोन वर्षं कोरड्या दिवसांत पाणी द्यावंच लागतं.

उत्तर 2
पाण्यापेक्षा मला सामूची काळजी वाटते. 7.5 च्या वर बाल्ड सायप्रसची कोवळी पानं पिवळी पडतात. लोह मातीत असतं, पण विरघळत नाही, म्हणून मुळांना मिळत नाही. आधी कोरड्या मातीवर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर मोकळा चुना आहे, मग सामू उतरवायला गंधक घालून फारसा उपयोग नाही. चिलेटेड लोह (मातीत विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनाशी बांधलेलं) द्यायचं तर ईडीडीएचए (EDDHA) प्रकारचं घ्या. ईडीटीए (EDTA) प्रकारचं अशा मातीत टिकत नाही.

प्रश्नकर्ता
व्हिनेगर टाकलं, चांगलाच फेस आला.

उत्तर 2
मग दरवर्षी लोह देत बसण्यापेक्षा बाल्ड सायप्रसचाच मेक्सिकोतला भाऊबंद, माँटेझुमा सायप्रस बघा. चुनखडीची माती तो जास्त सोसतो आणि ओलही चालते. फक्त उबदार हवेत त्याची पानगळ अर्धवटच होते. कडाक्याची थंडी पडत असेल तर मात्र तो टाळा.

उत्तर 3
कोणताही लावा, पायवाटेपासून आठ-दहा मीटर तरी दूर ठेवा. बाल्ड सायप्रसच्या मुळांतून वर येणारे ‘गुडघे’ फरशी उचलतात आणि गवत कापायच्या यंत्राची पाती मोडतात. नको तो गुडघा मातीच्या थोडा खालून कापला तरी झाडाला सहसा इजा होत नाही.

बाल्ड सायप्रसची पानं बारीक डहाळ्यांसकट गळतात. उघडं झाड वाळलं समजून तोडू नका. नखाने साल खरवडा, खाली हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे.