आपल्याच विषयावर विकिपीडियात लिहायला गेलात तेव्हा काय झालं? अनुभव सांगा

शेवरी

मंडळी, मी ३१ वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आता घरी असते. मागच्या दसऱ्याला कोपऱ्यावरच्या गाडीवर नेहमीप्रमाणे कांचनाचे डहाळे ‘आपटा, आपटा’ म्हणून खपत होते. दरवर्षी मी त्या विक्रेत्याशी वाद घालते आणि दरवर्षी तो म्हणतो, “मावशी, सोनंच आहे, घ्या.” त्याच तिरिमिरीत घरी आले, मराठी विकिपीडिया उघडला आणि दोन्ही झाडांतला फरक एका बैठकीत लिहून काढला. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंद. फुलं पांढुरकी, सहसा नजरेत न भरणारी. कांचनाचं पान मोठं, फुलं जांभळी-गुलाबी. चांगले चार परिच्छेद झाले. सगळं डोक्यातलं, पुस्तक कशाला उघडायचं?

दुसऱ्या दिवशी पाहते तर जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेपटीला ‘संदर्भ हवा’. अंगाचा तिळपापड झाला. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं आज विभागप्रमुख आहेत! भाची शांतपणे म्हणाली, “मावशी, तिथे तू कोण आहेस हे कुणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी संदर्भ मागितलाच असता.”

मग कुकसाहेबाचा ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ काढला. १९०१ ते १९०८ या काळात आलेला ग्रंथ, पण त्याच्यावाचून आमचं आजही पान हलत नाही. आणखी एक-दोन पुस्तकं काढली. सगळं सापडलं, एक सोडून. आपट्याच्या पानाला शिरा इतक्या, कांचनाच्या इतक्या, मोजल्या की झाली ओळख, असं मी वर्गात ठणकावून सांगायची. पुस्तकांत तसा एक आकडा नाहीच. दोन्हीकडे ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं आहे आणि त्या मर्यादा एकमेकींत शिरतात. मला हे माझ्या सरांनी सांगितलं होतं. सरांना कुणी, देव जाणे. हट्टाने सोसायटीतल्या आपट्याची २० पानं खुडली, एकेक उन्हासमोर धरून शिरा मोजल्या. सातही निघाल्या, नऊही. आणि ती मोजणीसुद्धा लेखात घालता येत नाही, कारण ते ‘मूळ संशोधन’, म्हणजे आधी कुठे न छापलेलं! वाक्य मुकाट गाळलं.

तुमच्यापैकी कुणी आपल्या अभ्यासाच्या किंवा धंद्याच्या विषयावर तिथे लिहिलंय का? बरं-वाईट जे झालं ते येऊ द्या.

बसाल्ट

लोणार. मी दुसरं काय लिहिणार!

विवराचं वय बरीच वर्षं सुमारे ५२ हजार वर्षं असं सांगितलं जायचं. तो आकडा थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीचा, म्हणजे खडक तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून काढलेला. २०११ मध्ये आघाताने वितळलेल्या खडकातल्या आर्गॉनवरून काढलेलं वय छापून आलं: ५ लाख ७० हजार, ४७ हजार इकडे-तिकडे. मी जुना आकडा पुसून नवा टाकला आणि जेवायला गेलो. खातं काढलेलं नव्हतं, काय आणि का बदललं ते सांगायच्या ‘बदलांचा आढावा’च्या चौकटीत अक्षर लिहिलं नव्हतं. परत येतो तर माझा बदल उलटवलेला.

तेव्हा चिडलो. आता वाटतं, बघणाऱ्याला काय दिसलं असेल? एका निनावी माणसाने विवराचं वय एका झटक्यात दहापट करून टाकलंय. शून्याचे असले खेळ करणारी पोरं तिथे रोज येतात.

लेखाला जोडलेलं वाद घालायचं पान असतं, त्या चर्चापानावर मी बाह्या सरसावून उतरलो. समोरच्याने एकच विचारलं, “नवा आकडा छापलाय हे कळलं. पण जुना बाद झालाय असं कुणी छापलंय, की ते तुमचं मत आहे?” खरं सांगतो, व्हायव्हात इतका अवघड प्रश्न आला नव्हता. शेवटी दोन्ही आकडे ठेवले, प्रत्येकापुढे त्याची पद्धत लिहिली. हे गृहस्थ बँकेत नोकरीला आहेत हे नंतर कळलं. आता मी काही लिहिलं की त्यांनाच आधी वाचायला सांगतो.

जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा मात्र उलटी गंगा वाहिली. जो तो कारण लिहायला धावत होता आणि मीच चर्चापानावर ‘तपासणीचे निष्कर्ष येईपर्यंत थांबा’ म्हणून ओरडत होतो. पुढे पुण्याच्या आघारकर संस्थेने खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं कारण दिलं, तेव्हा ते लिहिलं.

खडूफळा

शेवरीताई, मस्त धागा. माझा अनुभव छोटा आहे, पण डोकेदुखी मोठी.

मी रसायनशास्त्र शिकवतो. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. म्हणजे ‘अणू’ हा एकच शब्द दोन भाषांत दोन वेगळ्या वस्तूंना! कुणी हिंदीवरून उतरवून घेताना ‘पाण्याच्या अणूत’ असं लिहिलं की वाक्य व्याकरणाने शुद्ध, दिसायलाही छान, आणि रसायनशास्त्र साफ चूक. शुद्धलेखन तपासणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही. रोज रात्री जेवण झाल्यावर असे चार-पाच ‘अणू’ शोधून त्यांचे रेणू करतो. बायको म्हणते, पूर्वी पेपर तपासायचे पैसे तरी मिळायचे.

नाकासमोर

प्राध्यापक मंडळींनो, आधी मला सांगा, हे फुकट का करायचं? पदोन्नतीत याला किती गुण आहेत? शून्य. लिहिलेल्याखाली नाव नाही, आणि कुणीही येऊन खोडणार. तज्ज्ञांकडून तपासूनच लेख छापणारा ज्ञानकोश काढायला हवा.

बसाल्ट

@नाकासमोर, तो काढून झालाय की! नुपिडिया, २००० साल. विषयाचे जाणकार, तपासणीच्या सात पायऱ्या. लेख इतके सावकाश बाहेर पडायचे की कच्चं लिखाण भराभर व्हावं म्हणून जानेवारी २००१ मध्ये शेजारी विकिपीडिया सुरू केला. थोरला २००३ मध्ये बंद पडला, धाकट्याचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. गुणांचं म्हणाल तर खरं आहे, शून्य.

रायगडी

रायगड जिल्ह्यात २२ वर्षं दवाखाना चालवतो. भातकापणीला, पेंढा हलवायच्या दिवसांत विंचवाचे पेशंट ठरलेले. काळी इंगळी दिसायला भयंकर, पण जीव घेतो तो छोटा लाल विंचू. अंग घामाने निथळतंय, हातपाय बर्फासारखे गार, उलट्या. पोर असेल तर रात्रभर जागायचं.

विंचूदंशावर लिहिलं तेव्हा माझ्या वहीतल्या शेकडो पेशंटांवरून लिहिलं. अर्थातच राहिलं नाही. शेवरीताईंची २० पानं आणि माझी वही एकाच माळेतली. गंमत म्हणजे जो संदर्भ मागे शोधत गेलो तो आमच्याच तालुक्यांकडे आला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी असेच पेशंट बघता बघता नोंदी ठेवल्या. हृदयावर होणाऱ्या परिणामाच्या पूर्वलक्षणांवरचं त्यांचं लिखाण १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं, पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या औषधाचा उपचार आला. २०११ मध्ये ‘बीएमजे’ या तशाच दुसऱ्या नियतकालिकात ७० रुग्णांवरची रीतसर चाचणी छापली. वह्या त्यांच्याकडेही होत्या, माझ्याकडेही. माझी कपाटात पडून राहिली, हा काही ज्ञानकोशाचा दोष नव्हे.

एका गोष्टीवर मात्र कडाक्याचं वाजलं. मी प्राझोसिनचा डोस लिहिला होता, तो एकाने काढला. ‘डॉक्टर मी का तू?’ इथपर्यंत मजल गेली (माझी). आठवड्याभराने एका पेशंटचा भाऊ दवाखान्यात मोबाईल पुढे करून म्हणाला, “डॉक्टर, इथे लिहिलंय तेवढी गोळी घरीच दिली तर?” कुठल्या तरी भलत्याच ठिकाणचं होतं ते, दुसऱ्याच आजाराचं. रात्री जाऊन चर्चापानावर माफी मागितली. सही करायला तिथेही विसरलो.

पाटीपुस्तक

माझं तर लिखाणच उडवलं. कीर्तनपरंपरेवरचा माझा जुना दिवाळी अंकातला लेख जसाच्या तसा चिकटवला. तासाभरात गायब, कारण ‘प्रताधिकार भंग’. अहो, लेखक मीच! पण लेख आधी अंकात छापलेला, आणि माझ्या नावाचं खातं माझंच आहे हे त्यांना कसं कळावं? शिवाय तिथे टाकलेला मजकूर कुणीही कुठेही, विकायलासुद्धा वापरू शकतो, तशी परवानगी ईमेलने कळवावी लागते. संपादकांकडे विचारलं तर त्यांनाच आठवेना हक्क कुणाकडे आहेत. शेवटी नव्याने लिहिला, जुन्या लेखाचा संदर्भ देऊन. दिवाळी अंकातली अलंकारिक वाक्यं गळाली, लेख निम्मा झाला. मित्र म्हणतो, हा जास्त बरा आहे. मित्र बदलायला हवा.

कांडी

मी स्वतः तज्ज्ञ नाही, आजोबा आहेत. येवल्याला पैठणीच्या मागावर उभं आयुष्य गेलं त्यांचं. ते सांगायचे आणि मी टाइप करायची असं ठरलं होतं. ताणा, बाणा, फणी, कुठल्या रंगाला सूत कसं वागतं, सगळं. शेवरीताईंसारखंच झालं, छापील आधार कुठे? त्यांच्या हातातलं कुणी लिहूनच ठेवलेलं नाही. मी आजोबांना हे सांगितलं तर म्हणाले, “मग आता तू लिही, तुझा आधार लोक घेतील.” त्यांना काय समजावणार!

मग एका सदस्याने सुचवलं की स्वतः काढलेल्या फोटोला पुस्तक लागत नाही. दोन रविवार फोटो काढले. काठातला मोर विणताना रंगागणिक वेगळी कांडी, बोटांनी एकेक धागा गुंफत जायचं, म्हणून उलटी बाजूही सुलटीसारखीच दिसते आणि मागे धागे लोंबत नाहीत. हे चार ओळींत मला नीट लिहिता आलं नव्हतं. फोटोत दिसतं. आजोबांच्या अंगठ्यावरचा घट्टाही दिसतो.

काल त्यांना मोबाईलवर दाखवलं. चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “मोर आडवा का झोपवलाय?” फोटो फिरवायचाच राहिलाय. कसा फिरवतात?

बसाल्ट

@कांडी, फोटोच्या पानावर तशी विनंती टाकता येते. दुवा पाठव, मी टाकतो. आजोबांना म्हणावं, उठवतो मोर.