शनिवारची धान्य ऑर्डर (सोसायटी ग्रुपवरून)

बी ३०२ वहिनी: नमस्कार सगळ्यांना, कोणाचं नाव घेत नाही पण जानेवारीपासून ग्रुपवर जे होल फूड होल फूड (पाकिटातलं तयार सोडून साधं अख्खं धान्य, कडधान्य, भाज्या) चाललंय त्यात आमचा महिन्याचा किराणा साडेआठ हजारावरून साडेतेरावर गेला, आज बिलं काढून बसले तेव्हा कळलं. क्विनोआ, चिया, बदामाचं पीठ, आणि दोन अ‍ॅव्होकाडो त्यातला एक आतून काळा. घरात तोंडं चारच आहेत. ज्यांनी सुरू केलं त्यांनीच आता सांगावं साध्या नोकरदार घराने हे कसं करायचं

डी ५०१: सी ४०४ मॅडम, तुमचं नाव घेतलेलं नाही हां 😄

सी ४०४: वहिनी मी चिया आणा असं कधीच म्हटलं नव्हतं. माझा मेसेज अजून वर आहे. ज्वारी, नाचणी, मूग, मटकी, सीझनची भाजी, एवढंच. क्विनोआ कुठून आला खरंच माहीत नाही

बी ३०२ वहिनी: तुम्ही बाऊलचा फोटो टाकला होतात त्यात होता

सी ४०४: ती भगर होती

डी ५०१: 🤣🤣 एकादशीला घरात असते ती?

नाना ए १०१: ज्वारीचे पैसे बाकी: बी ३०२, बी ४०१, सी १०३, डी ५०१. मालदांडी ज्वारीची ३० किलोची ४ पोती आली, पैसे मी स्वतःच्या खिशातून भरलेत. कृपया लक्ष द्यावे.

सेक्रेटरी: विषय निघालाच आहे तर, गेल्या शनिवारी टेम्पो गेटमध्ये पाऊण तास उभा होता, सी विंगच्या दोन गाड्या अडकल्या. शिवाय पोतं लिफ्टमधून ओढत नेलंय, फरशीवर ओरखडे आहेत. कोणी नेलं?

डी ५०१: ते ओरखडे सोफ्याचे आहेत सर, दिवाळीपासूनचे. कोणाचा सोफा ते मी सांगत नाही

सेक्रेटरी: कमिटीच्या परवानगीने आणला होता.

सी ४०४: मूळ प्रश्नाचं सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये आहाराची नवीन मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात २००० कॅलरीच्या ताटाला एका माणसाला दिवसाला धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, फळं १००, डाळी-कडधान्य ८५, दाणे आणि तेलबिया ३५ असं धरलंय. चौघांचा महिना केला तर धान्य ३० किलो म्हणजे बरोब्बर नानांचं एक पोतं, डाळी-कडधान्य १० किलोच्या जरा वर, दाणे ४ किलो २०० ग्रॅम, भाजी ४८ किलो. आता वहिनी ते दाणे बघा. सगळे बदाम घेतलेत तर साडेतीन हजार तिथेच संपले. त्याऐवजी ३ किलो शेंगदाणे आणि वरचे सव्वा किलो तीळ, जवस, कारळे मिळून घेतले तर सातशेच्या आसपास. चटण्या करून जेवणात जातात, वेगळं काही करावं लागत नाही. तुमच्या पाच हजारांतले बरेचसे इथेच सापडतील

बी ३०२ मिस्टर: ४८ किलो भाजी???

बी ३०२ मिस्टर: म्हणजे रोज दीड किलोच्या वर. पिशव्या कोण आणणार

बी ३०२ वहिनी: तुम्ही.

डी ५०१: काका शेजारच्या खोलीतून ग्रुपवर भांडू नका 😂

नाना ए १०१: ज्वारीचे पैसे बाकी: बी ३०२, बी ४०१, सी १०३, डी ५०१. सुटी किंवा मोठ्या पोत्यातली ज्वारी का परवडते तेही सांगतो. जुलै २०२२ मध्ये २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद लेबलवाल्या धान्यावर आणि पिठावर ५ टक्के जीएसटी लागला. ३० किलोच्या पोत्यावर नाही. म्हणून ३० चं पोतं.

सी १०३: नाना राग मानू नका पण या ज्वारीची भाकरी थापतानाच चिरते, तव्यावर टाकेपर्यंत तुकडे. मागच्या वेळचीच बरी होती. पैसे त्याच कारणाने थांबवलेत, बुडवलेले नाहीत

नाना ए १०१: मी दाणा तोंडात टाकून, फोडून बघून घेतलेली ज्वारी आहे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात सकाळी सहाला गेलो होतो. एकाही माणसाची तक्रार नाही.

बी ४०१: तक्रार नाही म्हणजे आम्ही बोललो नाही

माई ए २०३: मी बोलून टाइप करते आहे चुकलं तर समजून घ्या सी १०३ तू पीठ कधी दळलंस गं

सी १०३: मागच्या महिन्यात माई, दहा किलो एकदम दळून ठेवलं, सारखं गिरणीत कोण जाणार

माई ए २०३: मग ज्वारीला कशाला बोल लावतेस पिठाची विरी म्हणजे तो चिकटपणाच गेला असणार ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळायचं दीड-दोन किलो आणि बाजरीचं त्याहून कमी ते लगेच कडवट होतं आता जे उरलंय त्यात कढत पाणी घालून उकड काढ झाकून ठेव आणि कोमट असताना भरपूर मळ मग बघ चिरते का आणि गिरणीवाल्याला सांग गव्हावर दळू नको ज्वारीवरच ज्वारी टाक

सी १०३: बघते उद्या. थँक यू माई 🙏

नाना ए १०१: माईंनी खुलासा केलेला आहे. ज्वारीचे पैसे बाकी: बी ३०२, बी ४०१, सी १०३, डी ५०१.

डी ५०१: मी ज्वारी घेतलीच नाहीये नाना, मी मल्टिग्रेन आटा वापरतो, तब्येतीला चांगला

सी ४०४: पाकिटामागे घटक वाचा. ज्याचं वजन जास्त ते आधी लिहावं लागतं, त्या क्रमाने

डी ५०१: गहू... सोयाबीन... ओट्स... मका... नाचणी शेवटून दुसरी 😐 आणि नाचणी बिस्किटाच्या पुड्यावर पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल. हे कोणी आधी का नाही सांगितलं

बी ४०१: एक विचारू का. भाव सगळे सांगताहेत, ते बरोबरच आहे, पण मेथीच्या दोन जुड्या निवडायच्या, मटकी रात्री भिजवायची सकाळी उपसून बांधायची, भाकऱ्या थापायच्या, गिरणीत खेपा घालायच्या, हे कोणाच्या हिशोबात धरलंय? आमच्या स्वयंपाकाच्या मावशी पोळ्यांना जे घेतात त्याच्यावर भाकरीचे वेगळे पैसे मागतात आणि त्यांचं चूक पण नाही, हात भाजतात त्यांचे. मी सातला ऑफिसातून येते. स्वस्त आहे स्वस्त आहे म्हणताना ते घरात बाईच्या वेळेवर स्वस्त होतं

नाना ए १०१: आमच्या हिने चाळीस वर्षं केलं, कधी कुरकूर नाही. पूर्वी बायका हे सगळं हसत करायच्या.

माई ए २०३: नाना तुमची ही रोज दुपारी माझ्याकडे येऊन बसते कुरकूर असते की नसते ते मला विचारा

डी ५०१: 🔥🔥🔥

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक बोलू नये. ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

सी ४०४: बी ४०१ ताई पटलं मला. मी स्वतः रोज भाकरी करत नाही, आठवड्यातून तीनदा, बाकी दिवस घरच्या गव्हाची पोळी, ती काय होल फूड नाही का. पालेभाजी शनिवार-रविवारच आणते, मधल्या दिवसांत दुधी, लाल भोपळा, गाजर, कोबी, म्हणजे निवडणं नाही. मटकी एकदाच अर्धा किलो भिजवायची, मोड आले की फ्रीजमध्ये दोन डब्यांत, तीन-चार दिवस जाते. आणि निवडायला घरात दुसरे हात पण असतात

बी ३०२ मिस्टर: माझ्याकडे बघून बोलल्यासारखं वाटतंय

बी ३०२ वहिनी: रात्रीच्या बातम्या बघत शेंगा सोलता येतात तुम्हाला, मागच्या आठवड्यात सोलल्या होत्यात. अर्ध्या खाल्ल्या पण सोलल्या

बी ४०१: नाना, पाठवले आत्ता. स्क्रीनशॉट पर्सनलवर टाकलाय. आणि पुढच्या वेळी मला पोतं नको, पाच किलोच द्या

नाना ए १०१: मिळाले. धन्यवाद. पोतं फोडून देता येईल पण मग तोलायला कोणीतरी यावं, वजनकाटा माझ्याकडे आहे. ज्वारीचे पैसे बाकी: बी ३०२, सी १०३, डी ५०१.

डी ५०१: नाना मी घेतलीच नाहीये!!

नाना ए १०१: यादीत तुमची सही आहे.

डी ५०१: ती पाण्याच्या टँकरची यादी होती

सेक्रेटरी: टेम्पो येत्या शनिवारी सात ते साडेसात, गेटच्या बाहेर. पोती ट्रॉलीवरूनच न्यायची, ट्रॉली वॉचमनकडे आहे.

बी ३०२ वहिनी: माझं अर्धं पोतं, शेंगदाणे तीन किलो, कारळे अर्धा किलो लिहा. आणि चिया आणि क्विनोआची पाकिटं न उघडलेली आहेत, निम्म्या किमतीला कोणाला हवी असतील तर सांगा

माई ए २०३: ते चिया म्हणजे आपला सब्जाच ना गं

सी ४०४: नाही माई, वेगळं असतं, पण भिजवल्यावर फुगतं तसंच

माई ए २०३: मग एक पाकीट पाठव वर नातवंडं येणारेत रविवारी फालुद्यात घालते