प्लेटोची गुहा: ओढून बाहेर काढायचा हक्क कुणी दिला?

आडवाटेचा

प्लेटोच्या गुहेची गोष्ट बहुतेकांना अर्धीच ठाऊक असते. साखळदंडातली माणसं, समोर भिंत, भिंतीवर सावल्या, त्यातला एक सुटतो, सूर्य बघतो, संपलं. मग त्यावर मोबाईल, बातम्या, जाहिराती चिकटवल्या की लेख तयार. मला त्यात खुपतं ते वेगळंच.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी आधी चित्र. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या संवादग्रंथाच्या सातव्या भागाच्या सुरुवातीला त्याचा गुरू सॉक्रेटिस हे ग्लॉकनला सांगतो (ग्लॉकन म्हणजे प्लेटोचा सख्खा भाऊ). कैदी लहानपणापासून असे जखडलेले की मानही वळत नाही. पाठीमागे, वरच्या अंगाला, जाळ पेटलेला. जाळ आणि कैदी यांच्यामधून एक वाट जाते आणि वाटेला कठडा आहे, बाहुल्यांचा खेळ करणारे पुढ्यात आडोसा धरतात तसा. कठड्याआडून काही जण दगडालाकडाच्या मूर्ती, जनावरांच्या आकृती वर धरून ये-जा करतात. त्यांच्यातलं कुणी बोललं की आवाज समोरच्या भिंतीवरून घुमतो आणि कैद्यांना वाटतं, सावलीच बोलली. ग्लॉकन म्हणतो, चमत्कारिक चित्र आणि चमत्कारिक कैदी. सॉक्रेटिस म्हणतो, आपल्यासारखेच.

आता नीट बघा. जो सुटतो तो स्वतःहून सुटत नाही. कुणीतरी त्याच्या बेड्या काढतं, मान वळवायला लावतं आणि खडबडीत चढावरून त्याला फरफटत वर नेतं. त्याचे डोळे दुखतात, तो चिडतो, पण सोडत नाहीत. हे 'कुणीतरी' कोण? त्याला हा हक्क कुणी दिला? त्यावर प्लेटो इथे अवाक्षर काढत नाही. आणि याच ग्रंथात राज्य कुणाच्या हाती सोपवलंय? सूर्य पाहून आलेल्यांच्या, म्हणजे तत्त्वज्ञांच्या. 'मला खरं काय ते दिसलंय, तुला दिसत नाही, तेव्हा तुझ्याच भल्यासाठी तुला ओढतो', असं म्हणणाऱ्यांनी जगात काय काय करून ठेवलंय ते वेगळं सांगायला नको. माझ्या मते ही ज्ञानाची गोष्ट कमी आणि सत्तेची जास्त आहे. खोडून काढा.

सुधामावशी

काढते. तुम्हाला बळजबरी एकाच बाजूची दिसली. सूर्य पाहिलेल्याला खाली परत यायचंच नसतं, त्यालाही भाग पाडलं जातं. ग्लॉकन तिथे अडवतो, की ज्यांना चांगलं जगता येतंय त्यांना वाईट जगायला लावायचं, हा अन्याय नाही का? उत्तर मिळतं की कायदा एका वर्गाचं सुख बघत नाही, सगळ्या नगराचं बघतो. शिवाय या राज्यकर्त्यांना स्वतःची मालमत्ता नाही, सोन्यारुप्याला हात लावायचा नाही. राज्य करायला सर्वांत नाखूश असलेली माणसं जिथे राज्य करतात तेच नगर नीट चालतं, असं त्याचं म्हणणं. सत्तेला हपापलेला कुठला माणूस असल्या अटींवर खुर्ची घेईल?

आणि शिक्षणाबद्दल तिथेच काय म्हटलंय? आंधळ्या डोळ्यांत नजर बसवावी तसं ज्ञान बाहेरून घालता येत नाही. नजर प्रत्येकाकडे असतेच, तोंड भलतीकडे असतं. ते वळवायचं, आणि नुसती मान नाही, अख्खा जीव वळवायचा. ही भाषा हुकूमशहाची वाटते तुम्हाला?

आडवाटेचा

भाषा सुंदरच आहे, मावशी. पण याच ग्रंथाच्या तिसऱ्या भागात एक थाप आहे, ती विसरू नका. देवाने घडवताना काहींमध्ये सोनं मिसळलं, काहींमध्ये चांदी, शेतकरी-कारागिरांत लोखंड आणि पितळ. ही गोष्ट नगराच्या भल्यासाठी लोकांच्या गळी उतरवायची, जमल्यास खुद्द राज्यकर्त्यांच्याही. म्हणजे बाहेरचा उजेड पाहून आलेला माणूस परत येऊन करणार काय, तर जाळापुढे आणखी एक मूर्ती धरणार!

तर्कटराव

तुम्ही दोघंही कैद्यांना मूर्ख धरून चालला आहात. गुहेत बक्षिसं असतात, हे कुणी सांगितलंच नाही. कोणती सावली आधी गेली, कोणती नंतर, कोणत्या दोन जोडीने येतात हे लक्षात ठेवून जो पुढची सावली बरोबर ओळखतो त्याला मानमरातब. निरीक्षण झालं, नोंद झाली, भाकीत झालं. आणखी काय हवं? आणि वरून परत आलेले महाशय नेमके याच परीक्षेत नापास होतात. पुरावा शून्य, वर म्हणणार, 'तुम्ही बघता ते खरं नाही.' कैदी हसले तर बिघडलं कुठे? मी पण हसलो असतो.

गणिताचा मास्तर

नापास होतो तो पहिल्या दिवशी, तर्कटराव. दुपारच्या उन्हातून माजघरात आलं की समोरची घागरसुद्धा दिसत नाही, म्हणून माजघरात जन्म काढलेल्याची नजर जास्त चांगली ठरते का? प्लेटोने हे धरलेलंच आहे. डोळे दोन कारणांनी गोंधळतात, उजेडातून अंधारात आल्यावर आणि अंधारातून उजेडात गेल्यावर, तेव्हा हसण्याआधी माणूस कुठून आलाय ते बघावं. अंधाराची सवय झाली की परत आलेल्याला सावल्या इतरांपेक्षा कैक पटींनी चांगल्या कळतात, कारण त्या कशाच्या आहेत हे त्याला माहीत असतं. म्हणजे तुमच्या परीक्षेतही तो मागे राहत नाही, फक्त थोडा वेळ द्यावा लागतो.

आता आडवाटेंचा 'कुणीतरी'. वर गेल्यावर त्या माणसाला लगेच सूर्याकडे बघायला लावत नाहीत. आधी सावल्या, मग पाण्यातली प्रतिबिंबं, मग वस्तू, मग रात्रीचं आकाश आणि चांदणं, सूर्य सगळ्यात शेवटी. हा चक्क अभ्यासक्रम आहे, आणि पुढे प्लेटो तो उघड मांडतो: अंकगणित, भूमिती, घनभूमिती, खगोल, स्वरशास्त्र. विशी ते तिशी या विद्यांचा मेळ घालायचा, मग 5 वर्षं वादविद्या (प्रश्नोत्तरांनी सत्य शोधायची विद्या), मग 15 वर्षं पुन्हा गुहेत उतरून कामं करायची. पन्नाशीला सूर्य. आणि याच सातव्या भागाच्या शेवटाकडे लिहिलंय की स्वतंत्र माणसाने कुठलीही विद्या गुलामासारखी शिकू नये, मारूनमुटकून शिकवलेलं जिवात टिकत नाही, मुलांना खेळवत शिकवा. एवढं वाचूनही फरफटच धरून बसणार असाल तर माझा नाइलाज आहे.

ओवीप्रेमी

इतकं ग्रीसला जायचं कारण काय? आपल्याकडे शंकराचार्यांनी माया सांगितलीच आहे. दोरीवर साप दिसतो, दिवा आणला की साप नाही. गुहा म्हणजे माया, सूर्य म्हणजे ब्रह्म. विषय संपला.

नदीकाठ

@ओवीप्रेमी, संपला नाही. दिवा आणल्यावर दोरीवरचा साप नाहीसा होतो. गुहेतली सावली तिची खरी गोष्ट कळली तरी भिंतीवर तशीच राहते. ती भास नाही, नक्कल आहे. कमी दर्जाची, पण कशाची तरी. प्लेटोला जग खोटं म्हणायचं नाही, उसनं म्हणायचं आहे. आणि 'आपल्याकडे' म्हणाल तर आपल्याकडे एकच मत कुठे आहे? अमृतानुभवात ज्ञानेश्वरांनी अख्खं प्रकरण अज्ञानाच्या खंडनाला दिलंय. त्यांच्या लेखी जग हा चैतन्याचाच विलास. मग त्यांच्या गुहेत अंधार आणायचा कुठून?

ओवीप्रेमी

अमृतानुभव मीही वाचलाय. तरी 'ज्ञानाने बंध तुटतो' इथे तिघं एकाच वाटेवर आहेत. फरक पंडितांचे. असो.

तर्कटराव

मास्तर, उत्तर बरं आहे, पण तुमचा 'थोडा वेळ' त्याला कोण देतं? सॉक्रेटिस स्वतःच म्हणतो की वर ओढायला आलेला हाती लागला तर कैदी त्याला ठार मारतील. हे लिहिताना प्लेटोच्या डोळ्यांपुढे इ.स.पू. 399 आहे. लोकशाही अथेन्सच्या नागरिकांनीच त्याच्या गुरूला, सॉक्रेटिसला, विषाचा प्याला दिला. एवढ्या जखमेनंतर त्याला लोकशाही गुहा वाटली तर नवल नाही, पण ती जखम म्हणजे युक्तिवाद नव्हे.

सुधामावशी

पण सॉक्रेटिसने कुणाला ओढलं होतं हो? तो बाजारात उभा राहून प्रश्न विचारायचा. ओढून न्यायालयात नेलं ते त्याला. आणि आडवाटे, गुहेची गोष्ट सांगून झाल्यावर तो लगेच काय म्हणतो तेही वाचा: हे खरं आहे की नाही ते देव जाणे, मला असं दिसतं.

आडवाटेचा

मग प्रश्न वाढला! सांगणाराच 'देव जाणे' म्हणतो, तर मास्तरांच्या त्या पन्नाशीच्या परीक्षेत पास-नापास ठरवणार कोण? आधी पास झालेलेच. त्यांना कुणी पास केलं?

गणिताचा मास्तर

प्लेटोने ते करून बघितलं होतं. इ.स.पू. 367 च्या सुमारास डिऑनच्या (राजाचा नातलग आणि प्लेटोचा शिष्य) आग्रहाने तो सिसिलीतल्या सिरॅक्यूज या ग्रीक नगराला गेला, तरुण राजा डायोनिसियस दुसरा याला घडवायला. भूमितीच्या आकृत्या जमिनीवर धुळीत काढायची पद्धत होती. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने लिहून ठेवलंय की सगळ्यांना भूमितीचं असं वेड लागलं की राजवाडा धुळीने भरून गेला. काही महिन्यांत राजाने डिऑनला देशाबाहेर घालवलं आणि प्लेटोला मानाने, पण अडकवून ठेवलं. राजाला ओढणारं तिथे कुणी नव्हतं, अभ्यास त्याने स्वतःच टाकला.

आडवाटेचा

म्हणजे जिथे सत्ता शिष्याच्या हातात होती तिथे गुरूला फरफट जमली नाही. 'रिपब्लिक'मध्ये ती गुरूच्या हातात दिली आहे. मी दुसरं काय म्हणतोय?

सुधामावशी

तुम्ही म्हणताय की द्यायला नको होती. मी म्हणते, दिली ती नाखूश माणसाच्या हातात. त्या तिसऱ्या भागातल्या थापेवर मात्र उद्या सवडीने लिहिते, आत्ता पाहुणे आलेत.